सहलीचा हिशेब तिसऱ्या दिवशी

विहिरीवर मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला उपशाचे गणित शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात विहिरीत दोन तासांचे पाणी असेल, तर तो दोनच तास मोटर चालवतो आणि रात्रभर झऱ्याला वेळ देतो. हव्यासाने तिसरा तास चालवला, तर विहीर कोरडी पडते, मोटर जळते आणि मग आठ-आठ दिवस पीक तहानलेले राहते. हे आम्हाला तीस वर्षे ठाऊक होते. माणसाच्या देहाचीही अशीच विहीर असते, हे मात्र आम्हाला अमेरिकेत लेकीकडे गेल्यावर आणि एक मोठी चूक केल्यावर कळले. आपल्या पैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत. ती आईवडिलांना बोलावतात, हौसेने मोठमोठी उद्याने दाखवायला नेतात. शिवाय असा आजार कोणाच्याही घरात असू शकतो. म्हणून ही हकीगत लिहीत आहोत.

आजार कोणता?

२०१५ च्या पावसाळ्यात आमच्या सौ.ला ताप आला. ताप आठवड्यात उतरला, पण ती पूर्वीसारखी उठली नाही. आधी पहाटे उठून गोठा, स्वयंपाक आणि वर रानातली भांगलण करणारी ही बाई, आता चार घागरी पाणी भरले की भिंतीला टेकू लागली. दहा तास झोपूनही सकाळी अंग जड. बोलता बोलता शब्द हरवायचा. उभे राहिले की छाती धडधडायची. रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, साखर पाहिली, छातीचा फोटो काढला. सारे ठीक निघाले. एका डॉक्टरांनी “मनाला लावून घेता” असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. घरात कोणी म्हणे, आता वय झाले. कोणी म्हणे, कामाचा कंटाळा. आम्हीही एकदोनदा असे बोललो, हे येथे कबूल केले पाहिजे.

या आजाराचे नाव मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. त्याला दीर्घकालीन थकव्याचा विकार असेही म्हणतात. बहुधा एखाद्या विषाणूच्या तापानंतर तो सुरू होतो. कोविडच्या साथीनंतर अशा रुग्णांची संख्या जगभर वाढली आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २०१५ साली त्याची लक्षणे नेमकी मांडली. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा आणि नेहमीची कामे बंद पाडणारा थकवा, विश्रांती न देणारी झोप आणि श्रमानंतर सर्वच त्रास वाढणे ही तीन लक्षणे असावीच लागतात. त्यांच्या जोडीला विचारांचा गोंधळ किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास यांपैकी एक तरी असते. त्या देशात ८,३६,००० ते २५ लाख लोकांना हा आजार असावा, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

यातले मुख्य लक्षण म्हणजे श्रमानंतरची घसरण. निरोगी माणूस दमला की त्याच दिवशी दमतो आणि रात्रीच्या झोपेने ताजा होतो. या रुग्णाची घसरण बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येते आणि कित्येक दिवस, कधी आठवडे टिकते. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा रुग्णांना व्यायामाच्या सायकलीवर बसवून लागोपाठ दोन दिवस तपासले. निरोगी माणसाची ताकद दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढीच भरते. या रुग्णांची मात्र दुसऱ्या दिवशी घटलेली दिसली. एकाच दिवसाच्या तपासणीत हे कळले नसते.

योगायोग असा की, या आजाराचा आणि अशा उद्यानांचा इतिहास एकाच महिन्यात येऊन मिळतो. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. त्याच महिन्यात लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एका विचित्र आजाराची साथ पसरली. डॉक्टर आणि परिचारिका धरून २९२ कर्मचारी आजारी पडले. २५ जुलैपासून ५ ऑक्टोबरपर्यंत रुग्णालय बंद ठेवावे लागले. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे नाव त्या साथीनंतर रूढ झाले. पुढे १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ती साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता, असे मत मांडले आणि कित्येक वर्षे रुग्णांची गाऱ्हाणी कोणी मनावर घेतली नाहीत. आमच्या सौ.ला जे ऐकावे लागले, ते त्याआधी पुष्कळांनी ऐकले होते.

पहिली खेप

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही उभयता फ्लोरिडात लेक-जावयाकडे गेलो. तेव्हा आजाराचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. तेथून जवळच ऑर्लँडोचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेला हा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरांचा आहे. त्यात चार मोठी उद्याने आहेत. नातवंडांनी आजीला परीकथेतला किल्ला दाखवण्याचा हट्ट धरला होता. जावयांनी बॅटरीवरची स्कूटर भाड्याने घेण्याचे सुचवले, तेव्हा सौ. म्हणाली, “मी काय पांगळी आहे? चालते मी.” आम्हीही म्हणालो, लोक काय म्हणतील!

आता आठवले की हसू येते आणि वाईटही वाटते. त्या उद्यानात गाडी उभी केल्यावर लगेच फाटक लागत नाही. आधी वाहनतळ ओलांडायचा, मग तपासणी, मग बोटीने किंवा एका रुळावरच्या गाडीने तळे पार करायचे आणि नंतर फाटक. किल्ला पाहण्याआधीच तिची अर्धी विहीर उपसली गेली होती. पुढे दिवसभर रांगा. रांगेतले उभे राहणे तर चालण्यापेक्षाही वाईट. कारण या आजारात पुष्कळांचे रक्त उभे राहिले की पायांकडे उतरते, मेंदूला कमी पोहोचते, नाडी धावू लागते. तरी ती हसत होती, नातवंडांचे हात धरून फिरत होती. रात्रीचे दारूकाम पाहूनच आम्ही परतलो. “बघा, काही झाले का मला?” ती म्हणाली. दुसरा दिवस बरा गेला.

तिसऱ्या दिवशी तिला मान उचलवेना. उजेड सोसवेना. हातात चमचा धरवेना. उरलेले अठरा दिवस तिने पडदे ओढलेल्या खोलीत काढले, आणि विमानतळावर तिला चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागले. निघताना सहा वर्षांच्या नातीने आईला विचारले, “आजी माझ्यामुळे आजारी पडली का?” तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

परत आल्यावर बेळगावच्या एका डॉक्टरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि आजाराला नाव दिले. त्यांनी स्पष्ट सांगितले की, हा आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. झोप, वेदना, नाडी यांवर उपाय करता येतात. बाकी मुख्य उपाय म्हणजे शक्ती मोजून वापरणे. पूर्वी अशा रुग्णांना रोज थोडा थोडा व्यायाम वाढवायला सांगत. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सल्ला मागे घेतला. ‘हळूहळू वाढवा, जमेल’ असे आपणही प्रेमाने म्हणतो. या आजारात ते म्हणू नये.

स्कूटर कशासाठी?

२०२५ च्या जानेवारीत पुन्हा जाण्याचे ठरले, तेव्हा सौ.ने स्वतःच म्हटले, “या खेपेला ती गाडी घ्या.”

बॅटरीवरची ही बसकी स्कूटर मूळची अमेरिकेतलीच. मिशिगन राज्यात प्लंबिंगचा धंदा करणारे ॲल थीम यांच्या घरातल्या माणसाला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार होता. तिला घरात व बाहेर फिरता यावे म्हणून त्यांनी १९६८ साली असे वाहन बनवले. तीन किंवा चार चाके, एक खुर्ची, पुढे दांडा आणि दांड्यावर बोटाने दाबायची पट्टी. पट्टी सोडली की गाडी थांबते. वेगाच्या खटक्यावर बहुधा एका बाजूला कासव आणि दुसऱ्या बाजूला ससा काढलेला असतो. गर्दीत कासवच धरावे.

आपला समज असा की, ज्याला पाय नाहीत त्याने खुर्चीत बसावे. येथे समजून घ्यावयाचे ते हे की, ही स्कूटर पायांसाठी नसून शक्ती वाचवण्यासाठी आहे. सौ.ला चालता येते. पण चालण्यात शक्ती गेली, तर नातवंडांशी बोलायला ती उरत नाही. चार पावले चालणारी बाई स्कूटरवरून उठली की लोक टवकारून पाहतात, एकाने तर “अरे वा, बऱ्या झालात!” असेही म्हटले. सौ.ने उत्तर दिले नाही. उत्तर द्यायलाही शक्ती लागते, ती वाचवली, असे ती नंतर म्हणाली.

आम्हाला उपयोगी पडलेली व्यवहाराची माहिती अशी. उद्यानात स्कूटर भाड्याने मिळते, पण ती आधी येणाऱ्यास मिळते, ती त्या उद्यानाबाहेर नेता येत नाही आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस देत नाहीत. फाटकापर्यंतचे चालणे तिने वाचत नाही. म्हणून आम्ही बाहेरच्या दुकानातून, सुटे भाग करून गाडीत ठेवता येईल अशी स्कूटर घेतली. डिस्नेच्या नियमाप्रमाणे ती ३६ इंच रुंदी आणि ५२ इंच लांबीच्या आत असावी लागते. एक दिवस आधी लेकीच्या अंगणात वळणे, मागे घेणे, चढ-उतार यांचा सराव केला. तीनचाकी स्कूटर जोरात वळवली तर कलंडू शकते. रस्त्यात ट्रामचे रूळ आले, तर ते सरळ काटकोनात ओलांडावेत. तिरके गेल्यास चाक अडकते. बॅटरी रात्री पूर्ण भरावी आणि पावसासाठी दांड्यावर घालायला प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवावी.

स्कूटर सर्वच पाळण्यांत नेता येत नाही. काही ठिकाणी तिच्यावर बसूनच पाहता येते, काही ठिकाणी साध्या चाकाच्या खुर्चीत बदलून बसावे लागते, काही ठिकाणी स्वतः उठून आसनावर जावे लागते. उद्यानाच्या नकाशात हे दिलेले असते. ते घरीच वाचून ठेवावे.

रांगेच्या सवलतीचाही विचार करावा लागतो. पूर्वी डिस्नेत अपंगांना एक सवलतपत्र मिळे. त्याचा गैरवापर झाल्याच्या बातम्या २०१३ साली आल्या. काही श्रीमंत कुटुंबे रांग टाळण्यासाठी अपंग माणसांना भाड्याने बरोबर नेत, असे उघड झाले. त्याच वर्षी पद्धत बदलली. २०२४ साली ती आणखी आवळली गेली आणि रांगेबाहेर थांबण्याची सवलत मुख्यतः ऑटिझमसारखे विकार असलेल्यांपुरती ठेवली गेली. या बदलाने अनेक दीर्घ आजारी माणसे नाराज झाली. ज्याला चालणे जड जाते, त्याने स्कूटर घेऊन नेहमीच्या रांगेतून यावे, असे धोरण आहे. स्कूटरने उभे राहणे वाचते हे खरे. पण गोंगाट, उजेड आणि ताटकळणे वाचत नाही. म्हणून आम्ही ठरवले की, फलकावर वीस मिनिटांहून अधिक वेळ दिसला तर तेथे जायचेच नाही.

दुसरी खेप

या वेळी आम्ही एपकॉट हे उद्यान निवडले. ते १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले. तेथे एका तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे मांडले आहेत आणि त्या तळ्याची प्रदक्षिणाच सुमारे दोन किलोमीटरांची होते. आम्ही ती पुरी करायची नाही, असे निघण्याआधीच ठरवले. जाण्याआधी दोन दिवस विश्रांती, नंतर दोन दिवस विश्रांती, आणि उद्यानात चारच तास.

सौ.च्या मनगटाला नाडी मोजणारे घड्याळ बांधले. या आजारावर काम करणारे काही तज्ज्ञ, सकाळच्या विश्रांतीच्या नाडीपेक्षा पंधरा ठोक्यांहून वर जाऊ देऊ नये, असे सांगतात. तिची सकाळची नाडी ७४, म्हणून मर्यादा ८९ धरली. घड्याळ वाजले की जेथे असू तेथे थांबायचे. नातवाने ती जबाबदारी आपणहून घेतली आणि पोलिसासारखी पाळली.

पहिले ठिकाण तिने स्वतः निवडले. ‘द लँड’ नावाच्या इमारतीत लिफ्टने खाली उतरले की एक संथ बोट मिळते. स्कूटर कर्मचाऱ्याने दाखवलेल्या जागी ठेवली आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून सौ. चार पावलांत बोटीत बसली. सुमारे चौदा मिनिटांची ही फेरी. आधी रानांचे आणि वाळवंटाचे देखावे, मग खरीखुरी काचघरे. त्यांत मातीशिवाय वाढवलेली पिके, हवेत लोंबणाऱ्या मुळांवर फवारले जाणारे खताचे पाणी, माशांच्या टाक्या आणि मांडवावर पसरलेला टोमॅटोचा वेल. तेथल्या एका वेलाने २००५–०६ मध्ये बत्तीस हजारांहून अधिक टोमॅटो दिल्याची नोंद आहे. तेथील माल उद्यानाच्या उपाहारगृहांत वापरतात. दहा वर्षे रानात पाय न ठेवलेली सौ. त्या मुळांकडे बघत म्हणाली, “एवढे पाणी रोज किती लागत असेल हो?” तिच्या तोंडून शेतीचा प्रश्न ऐकूनही पुष्कळ दिवस झाले होते.

नंतर एक तास विश्रांती. डिस्नेच्या प्रत्येक उद्यानात प्रथमोपचार केंद्र असते आणि तेथे आडवे पडण्यासाठी खाट मिळते. सौ. थकली नव्हती, तरी आम्ही तिला तेथे नेले. थकण्याआधी विसावणे हा या आजारातला सर्वांत अवघड धडा आहे. खाटेवर डोळे मिटून, कानांत बोळे घालून ती पाऊण तास पडली. मग खाणे, पाणी आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मीठ घातलेले पेय. येथे सावध करतो की, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने असे मीठ स्वतःच्या मनाने घेऊ नये.

दुपारी तळ्याकाठी मेक्सिको आणि नॉर्वे एवढे दोनच देश पाहिले. तीन वाजता घड्याळ दोनदा वाजले, आणि आम्ही परतायचे ठरवले. नात हिरमुसली, दारूकाम आजीबरोबर पाहायचे तिच्या मनात होते. तिला जवळ घेऊन सौ. म्हणाली, “तू बघ आणि परवा मला सांग. परवा मी ऐकायला जागी असेन.” जावई मुलांबरोबर थांबले, लेक आम्हाला घेऊन घरी आली.

तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सौ. पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या खोलीच्या दारापाशी दोनदा जाऊन आलो. आत जाण्याचा धीर झाला नाही. साडेआठला ती भिंतीचा आधार घेत बाहेर आली, खुर्चीत बसली आणि नातीला म्हणाली, “हं, सांग आता दारूकाम.” अंग दुखत होते, दुपारी पुन्हा झोपावे लागले. आजार गेला असे कोणी समजू नये. पण त्या खेपेचे उरलेले दिवस तिने पडद्याआड काढले नाहीत. सहल साधली ती त्या सकाळी, असे आम्ही मानतो.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे

१. फार दिवस टिकणारा थकवा अंगावर काढू नये. पंडुरोग, क्षय, मधुमेह, थायरॉइड, मनाची उदासी यांची तपासणी आधी करावी. यांतील बहुतेकांना चांगले उपाय आहेत.

२. सारे अहवाल ठीक आले म्हणून माणूस आळशी ठरत नाही. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास वाढतो का, हे महिनाभर वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.

३. जत्रा, लग्न, फेस्त किंवा उद्यान, कोठेही जाण्याआधी आणि आल्यावर विश्रांतीचे दिवस राखून ठेवावेत. परतायची वेळ घरूनच ठरवून निघावे.

४. बसण्याची सोय आधी करावी. स्कूटर नसेल तर चाकाची खुर्ची, तीही नसेल तर घडीचे स्टूल.

५. एकासाठी सगळ्यांनी परतू नये. नाहीतर आजारी माणसाला आपण ओझे झालो असे वाटते. कोणी थांबावे, कोणी परतावे, हे आधीच वाटून घ्यावे.

६. “चल गं, काही होत नाही” हे शब्द घरातून काढून टाकावेत. त्याऐवजी “कुठे बसूया?” असे विचारावे.

गेल्या फेस्ताला सौ. मिस्सा होताच घरी आली, मिरवणुकीला थांबली नाही. शेजारच्या काकूंनी कारण विचारले. आम्ही त्यांना आमच्या विहिरीचा दाखला दिला. त्यांची थोरली सून दोन वर्षे अशीच थकलेली आहे. दुसऱ्या दिवशी त्या एक कोरी वही घेऊन आमच्याकडे आल्या आणि त्यात काय काय लिहायचे ते सौ.ला विचारून गेल्या.